कापड मोजले, माणूस राहिला

अबुल फजलच्या 'आइन-ए-अकबरी'त बादशाही तोशाखान्यावर एक प्रकरण आहे. प्रशासनाच्या इतिहासात रस असणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी वाचावे. 'तकौचिया' नावाच्या बिनअस्तरी अंगरख्याविषयी त्यात लिहिले आहे की पूर्वी त्याच्या घेराला चिरा असत आणि बंद डाव्या बाजूला बांधत. बादशहाने घेर गोल करवला आणि बंद उजवीकडे आणले. या अंगरख्याला सात गज सात गिरह कापड लागते, पट्टीसाठी आणखी पाच गिरह. साध्या शिलाईचा दर एक ते तीन रुपये, नक्षीदार टिपा घातल्यास पावणेपाच रुपयांपर्यंत, आणि शिवाय एक मिस्काल रेशीम. गिरह म्हणजे गजाचा सोळावा भाग. सोळाव्या शतकातल्या एका दरबारी नोंदीत कपड्याचा आकार, कापडाचा खप, शिलाईचा दर आणि लागणारे सामान एकत्र लिहिलेले आहे. आज वस्त्रनिर्मितीच्या कारखान्यात ज्याला 'टेक पॅक' म्हणतात, त्याची ही जुनी आवृत्तीच म्हणावी लागेल.

त्याच प्रकरणात अबुल फजल एक आश्चर्यही नोंदवतो. बादशहाचे कपडे उंच असो वा ठेंगणा, कोणालाही नीट बसतात, आणि यामुळे अनेकजण चक्रावून गेले आहेत असे तो सांगतो. ही अर्थातच दरबारी स्तुती आहे. सामान्य माणसाला दुसऱ्यासाठी शिवलेला कपडा चमत्काराने बसत नाही. अनोळखी, न पाहिलेल्या हजारो माणसांना बसेल असा कपडा तयार करण्यासाठी एक शास्त्र लागते. ते शास्त्र भारतात शिक्षणाचा विषय कसे झाले, व्हायला इतका उशीर का लागला, आणि त्यात शासनव्यवस्थेचा वाटा कोणता, हे या लेखात पाहायचे आहे.

फॅशनमधील करिअर म्हटले की डोळ्यांपुढे रॅम्प, रंगीत रेखाचित्रे आणि डिझायनरचे नाव उभे राहते. परंतु रेखाचित्र कितीही सुंदर असले तरी कटिंग टेबलावर त्याचा उपयोग नसतो. तिथे टेक पॅक लागतो. त्यात कपड्याची पुढून आणि मागून काढलेली सपाट आकृती असते, प्रत्येक मापबिंदूचे सेंटिमीटर असतात, त्यात किती कमी-जास्त चालेल हे असते. शिवणीसाठी माया किती सोडायची, टाका कोणता, एका इंचात टाके किती, दोरा, बटण, काज, लेबल, इतकेच काय घडी कशी घालायची, हे सारे त्यात लिहिलेले असते. टाक्यांनाही आंतरराष्ट्रीय क्रमांक आहेत. नेहमीची दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी टीप म्हणजे ३०१, साखळी टीप ४०१, तीन दोऱ्यांची ओव्हरलॉक ५०४. या क्रमांकांमुळे तिरुप्पूरच्या मास्टरला आणि हॅम्बर्गच्या खरेदीदाराला एकमेकांची भाषा येत नसतानाही एकच गोष्ट कळते.

त्यापुढचा टप्पा खाक्याचा, म्हणजे पॅटर्नचा. मधल्या मापाचा एक खाका अचूक बसवून त्यावरून लहान-मोठी मापे काढणे याला ग्रेडिंग म्हणतात. दोन लगतच्या मापांत छातीच्या घेरात ४ सेंटिमीटरचा फरक असेल, तर चौथाई खाक्यात तो १ सेंटिमीटर येतो. हे गणित सोपे आहे. परंतु मुंढ्याची खोली, खांद्याची रुंदी, बाहीची लांबी याच प्रमाणात वाढत नाहीत, कारण शरीर सर्व बाजूंनी सारखे वाढत नाही. इथे भूमिती आणि शरीररचना दोन्ही कळावी लागते. मग हे खाके कापडावर कमीत कमी जागेत मांडायचे, उभ्या-आडव्या धाग्याची दिशा न मोडता. तयार कपड्याच्या उत्पादनखर्चात सामान्यतः सर्वांत मोठा वाटा कापडाचा असतो. पन्नास हजार शर्टांच्या मागणीत दर शर्टामागे फक्त २ सेंटिमीटर कापड वाचले, तरी एक हजार मीटर कापड वाचते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला उत्पादकता म्हणजे काय हे समजावून सांगण्यासाठी याहून सुटसुटीत उदाहरण मला तरी सुचत नाही.

हे ज्ञान आपल्याकडे नव्हते असे मुळीच नाही. शिंप्याच्या हातात ते पिढ्यान्‌पिढ्या होते. संत नामदेवांच्या रचनांत शिंपीकामाची रूपके येतात, ती आपल्या घरच्या व्यवसायातून. मात्र या ज्ञानाचे स्वरूप ठरलेले होते. समोर उभ्या असलेल्या एका माणसासाठी एक कपडा बेतायचा, त्याच्या खांद्याचा उतार डोळ्यांनी टिपायचा, आणि हे सगळे उस्तादाजवळ बसून पाहून शिकायचे. ते कागदावर उतरण्याची गरज नव्हती. शिवाय आपल्या पोशाखाचा मोठा भाग न शिवलेला होता. साडी, धोतर, लुंगी, शेला यांना माप लागत नाही. नेसणारी व्यक्तीच ते स्वतःच्या अंगाला बसवून घेते. प्रमाणित मापांची निकड आपल्या समाजाला उशिरा भासली, त्याचे हे एक सरळ कारण आहे.

पश्चिमेकडे चक्र वेगळ्या क्रमाने फिरले. एलायस होवेने १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये शिलाई यंत्राची पेटंट घेतली. १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एबेनेझर बटरिक या शिंप्याने वेगवेगळ्या मापांचे कागदी खाके विक्रीला आणले. अमेरिकेतील यादवी युद्धात लाखो सैनिकांचे गणवेश शिवावे लागले, आणि पुरुषांच्या मापांचे ठोकताळे त्यातून हाती आले. स्त्रियांच्या बाबतीत मात्र तिथल्या शासनाला मुद्दाम पुढाकार घ्यावा लागला. १९३९-४० मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या गृहअर्थशास्त्र विभागाने सुमारे पंधरा हजार स्त्रियांची मापे घेतली, आणि त्यांचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५८ मध्ये स्त्रियांच्या कपड्यांसाठी मापांचे प्रमाणक निघाले. त्या पाहणीत गोऱ्या स्त्रियांचीच मापे हिशेबात धरली होती. जे मोजले गेले नाहीत त्यांना कपडे नीट बसले नाहीत, हे ओघानेच आले. पुढे १९८३ मध्ये ते प्रमाणक मागे घेण्यात आले. माप घेणे ही वरवर तटस्थ वाटणारी कृती आहे. कोणाचे माप घ्यायचे हा निर्णय मात्र धोरणाचा असतो.

भारतात शिलाई यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले आणि आश्चर्यकारक वेगाने रुळले. यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या गांधीजींनीही त्याला अपवाद मानले होते. १९२४ मधल्या एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या यंत्राचे कौतुक केले. पत्नीचे हाताने टाके घालण्याचे कष्ट वाचावेत या प्रेमातून ते निर्माण झाले, अशी त्यांची धारणा होती. मग ही यंत्रे बनवणारे कारखाने तरी हवेतच की, असे विचारल्यावर असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा शासनाच्या नियंत्रणाखाली असावेत, असे उत्तर त्यांनी दिले. या संभाषणात यंत्राचा आणि कारखान्याचा विचार आला. यंत्र चालवणाऱ्याच्या शिक्षणाचा विचार पुढच्या काळावर राहिला.

शिक्षणाचा ओघ त्या वेळी कुठे वळत होता ते पाहण्यासारखे आहे. मुंबईत १८५० च्या दशकात कापडगिरण्यांची सुरुवात झाली. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आपले व्हीजेटीआय, स्थापन झाले. गिरण्यांना प्रशिक्षित माणसे हवी होती, आणि सूतकताई-विणकामाचे शिक्षण तिथे सन्मानाने सुरू झाले. कापड हा अशा रीतीने अभियांत्रिकीचा विषय ठरला. त्याच कापडाचा सदरा करणे हे मात्र फुटपाथवरच्या किंवा गल्लीतल्या दुकानाचे काम राहिले. माझ्या मते पुढच्या शंभर वर्षांची रूपरेषा याच विभागणीने ठरवली.

याला एक अपवाद होता, आणि तो शासनाच्या घरातच होता. १९१४ मध्ये शाहजहाँपूरला सैन्यासाठी कपडे शिवणारा आयुध वस्त्र कारखाना सुरू झाला. १९६१ मध्ये मद्रासजवळ आवडी येथे दुसरा. जवानांचा गणवेश मापांच्या श्रेणीनुसार, ठराविक तपशिलाप्रमाणे, हजारोंच्या संख्येने शिवण्याचे आणि तपासण्याचे काम तिथे चालत आले आहे. २०२१ मध्ये आयुध कारखान्यांच्या पुनर्रचनेनंतर हे कारखाने ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड या कंपनीकडे गेले. म्हणजे प्रमाणित मापांचा कपडा कसा तयार करावा हे भारत सरकारला शंभरहून अधिक वर्षे ठाऊक आहे. परंतु ते ज्ञान संरक्षण खात्याच्या भिंतीआड राहिले. त्यातून एखादा नागरी अभ्यासक्रम किंवा नागरी मापांचे प्रमाणक उगवले नाही. एका खात्याचे शहाणपण दुसऱ्या खात्यापर्यंत पोहोचत नाही, ही आपल्या प्रशासनाची जुनी व्यथा आहे.

नागरी बाजूला शासन कापडाच्या मागे लागले होते. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली तेव्हा १९४३ मध्ये कापड आणि सुताच्या नियंत्रणासाठी मुंबईत वस्त्र आयुक्तांचे कार्यालय सुरू झाले. पुढे कितीतरी वर्षे कोणत्या गिरणीने कोणते कापड किती मीटर काढायचे आणि कोणत्या दराने विकायचे याची काळजी शासन वाहत होते. आधीच्या पिढीच्या घरांत 'कंट्रोलचे कापड' हा शब्द अजून आठवणीत असेल. या सर्व काळात देशातल्या कापडाचा मीटरन्‌मीटर शासनाच्या नोंदवहीत होता. ते कापड ज्याच्या अंगावर जायचे त्या माणसाची छाती, कंबर, उंची मात्र कोणत्याच नोंदवहीत नव्हती. कापड मोजले गेले, माणूस राहिला.

स्वातंत्र्यानंतर शिवणकामाला शासनव्यवस्थेत जागा मिळाली, पण ती कल्याणाच्या रकान्यात. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. आयटीआयमध्ये 'कटिंग अँड सोइंग' आणि 'ड्रेस मेकिंग' असे व्यवसाय अभ्यासक्रम आले, आणि ते प्रामुख्याने मुलींसाठीच आहेत असे मानले गेले. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळापासून जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण समित्यांपर्यंत सर्वत्र शिवणवर्ग आणि शिलाई मशीन वाटप हा ठरलेला कार्यक्रम झाला. विद्यापीठांत वस्त्र आणि परिधान हा विषय गृहविज्ञानाखाली आला. गृहविज्ञानाने पुष्कळ चांगले काम केले, आणि या विषयाच्या पहिल्या प्राध्यापिका त्यातूनच तयार झाल्या, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. तरीही 'गृह' या शब्दाने विषयाची सीमा ठरली. शिवण म्हणजे घरखर्चाला हातभार, ही समजूत कायम राहिली.

नोकरीच्या निमित्ताने अशा योजनांचे अनेक प्रस्ताव आणि अहवाल माझ्यापुढे आले आहेत. त्यांतले रकाने जवळजवळ सारखे असत: यंत्रांची संख्या, लाभार्थींची संख्या, झालेला खर्च, शिल्लक निधी. शिकलेल्या स्त्रीला खाका काढता येतो का, एका मापावरून दुसरे माप काढता येते का, तिने शिवलेला शर्ट कारखान्याच्या तपासणीत टिकेल का, असे विचारणारा रकाना मला कधी दिसला नाही. रकाना नसेल तर माहिती गोळा होत नाही, आणि माहिती नसेल तर धोरण बदलत नाही. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. शिवण हे कौशल्य आहे, त्यामागे शास्त्रही आहे, ही कल्पनाच व्यवस्थेच्या मनात नव्हती.

शासनाने सोडलेली ही पोकळी समाजाने आपल्या परीने भरून काढली. महाराष्ट्रात झारापकर पद्धतीच्या पुस्तकांनी कित्येकांना कपडा बेतायला शिकवले. छातीच्या मापाला चाराने, सहाने, बाराने भागून मुंढा आणि गळा काढण्याची ही रीत म्हणजे परंपरागत ज्ञान सूत्रात बसवण्याचा प्रामाणिक प्रयत्न होता. देशाच्या इतर भागांतही अशी खाजगी टेलरिंग कॉलेजे निघाली. त्यांच्या प्रमाणपत्राला सरकारी मोल फारसे नव्हते, पण लहान शहरांतल्या पुष्कळ दुकानांचा पाया या पुस्तकांनी घातला. तांत्रिक वस्त्र-आरेखनाचा भारतीय इतिहास लिहायचा झाला तर सुरुवात मोठ्या संस्थांपासून न करता इथून करावी लागेल.

चित्र बदलले ते निर्यातीमुळे. १ जानेवारी १९७४ पासून बहुतंतू करार, म्हणजे मल्टी-फायबर अ‍ॅरेंजमेंट, लागू झाला. विकसित देशांनी विकसनशील देशांच्या कपड्यांवर संख्येची मर्यादा घातली. १९७८ मध्ये परिधान निर्यात संवर्धन परिषद स्थापन झाली, आणि कोणत्या निर्यातदाराला किती कोटा द्यायचा हे वाटपाचे काम तिच्याकडे आले. यामागील अर्थशास्त्र मजेदार आहे. मर्यादा नगांवर असेल तर कमाई वाढवण्याचा एकच मार्ग उरतो: प्रत्येक नगाचे मूल्य वाढवणे. त्यासाठी चांगला खाका, चांगली बसण, चांगली शिवण लागते, आणि ते जाणणारी माणसे लागतात. आपल्याकडे तशी माणसे थोडी होती. खाके आणि मापतक्ते परदेशी खरेदीदाराकडून येत, आपण कापत आणि शिवत असू.

त्यातच तयार कपड्यांचा उद्योग लघुउद्योगांसाठी राखीव होता आणि यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीला मर्यादा होती. हेतू चांगला होता: रोजगार अनेक हातांत राहावा. परंतु ज्या कारखान्याला मोठे होण्याची मुभा नाही, तो स्वतंत्र पॅटर्न विभाग, औद्योगिक अभियंता, प्रशिक्षण कक्ष कशासाठी ठेवील? प्रशिक्षित माणसाला मागणी नाही म्हणून अभ्यासक्रम नाही, आणि अभ्यासक्रम नाही म्हणून माणूस नाही, असे हे वर्तुळ होते.

ते वर्तुळ एका टोकाने तुटले १९८६ मध्ये. आदल्याच वर्षी वस्त्रोद्योगाचे स्वतंत्र मंत्रालय झाले होते. त्याच्या छत्राखाली दिल्लीत राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्ट, स्थापन झाली. त्यापूर्वी १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली होती, आणि तिच्यामागे चार्ल्स व रे ईम्स यांच्या १९५८ च्या अहवालाची प्रेरणा होती. निफ्टची प्रेरणा अधिक व्यवहारी होती. तिने न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे सहकार्य घेतले. ही अमेरिकी संस्था १९४४ मध्ये निघाली, तीच तिथल्या कपडे-उद्योगाला नव्या प्रशिक्षित पिढीची चणचण भासू लागली म्हणून. सुरुवातीला तिथे दोनच अभ्यासक्रम होते, आरेखन आणि शास्त्रीय व्यवस्थापन. फॅशनच्या शिक्षणाचे हे दोन पाय पहिल्या दिवसापासून बरोबर चालत होते.

निफ्टच्या नावात 'तंत्रज्ञान' हा शब्द आहे तो उगाच नाही. सुरुवातीच्या वर्षांतच फॅशन डिझाइनबरोबर वस्त्रनिर्मिती तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रमही तिथे होता. १९९५ मध्ये मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद आणि गांधीनगर येथे तिच्या शाखा निघाल्या. तिरुप्पूरच्या निर्यातदारांनी १९९७ मध्ये निफ्टच्या सहकार्याने निटवेअरचे स्वतःचे महाविद्यालय काढले, कारण त्यांना रोजच्या कामाला माणसे हवी होती. परिधान निर्यात परिषदेच्या पुढाकाराने पर्यवेक्षक, पॅटर्नमेकर आणि तपासनीस घडवणारी प्रशिक्षण केंद्रे उभी राहिली. २००६ मध्ये संसदेने निफ्टचा कायदा केला आणि संस्थेला स्वतः पदवी देण्याचा अधिकार मिळाला. आता तिथे फॅशन टेक्नॉलॉजीची चार वर्षांची स्वतंत्र पदवी आहे आणि तिच्या प्रवेशासाठी बारावीला गणित लागते. हे इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. ज्या कामाला 'बायकांचा शिवणवर्ग' म्हणून बाजूला ठेवले होते, त्याच्या दारावर आता गणिताची अट आहे.

तांत्रिक शिक्षणाची ताकद किती असते याचा पुरावा शेजारीच आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बांगलादेशातील देश गार्मेंट्स या नव्या कंपनीने कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि १३० जणांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी कोरियाला पाठवले. परत आलेल्यांपैकी बहुतेकांनी पुढच्या काही वर्षांत ती नोकरी सोडली. एकूण ११५ जण बाहेर पडले. कोणी स्वतःचे कारखाने काढले, कोणी नव्या कारखान्यांत गेले. त्या कंपनीचे नुकसान झाले असेल, पण देशात एक उद्योग पसरला. विकासाच्या अर्थशास्त्रात हे उदाहरण वारंवार दिले जाते. जी माणसे शिकून आली त्यांच्यात नामवंत डिझायनर कोणी नव्हते. कापडाची मांडणी, शिवणीचा क्रम, तपासणी, कामाचा वेळ मोजणे, एवढेच त्यांनी शिकले होते. 'एवढेच' हा शब्द मी उपरोधाने वापरत आहे.

१९९५ नंतर जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार कोटा टप्प्याटप्प्याने उठत गेला: प्रथम १६ टक्के, १९९८ मध्ये १७, २००२ मध्ये १८, आणि उरलेले ४९ टक्के एकदम १ जानेवारी २००५ रोजी. तयारीला दहा वर्षे मिळूनही निम्मा भार शेवटच्या दिवशी आला. २००० च्या राष्ट्रीय वस्त्र धोरणाने तयार कपड्यांना लघुउद्योगांच्या राखीव यादीतून बाहेर काढण्याचा निर्णय घेतला. विणीच्या कपड्यांना आणखी काही वर्षे थांबावे लागले. कोट्याच्या काळात बाजारपेठेत जागा कागदावर मिळत होती. कोटा संपल्यावर ती नेमकेपणाने, वेळेने आणि बसणीने मिळवावी लागली. तांत्रिक वस्त्र-आरेखन जाणणाऱ्या माणसाची किंमत तेव्हा कारखानदारांना खऱ्या अर्थाने कळली.

तरीही मूळ प्रश्न उरलाच होता. भारतीय माणसाचे माप कोणते? दुकानात 'एम' किंवा '४०' लिहिलेले असते, त्यामागील तक्ते ब्रिटिश किंवा अमेरिकी मापांवरून थोडेफार फिरवलेले होते. बाही लांब पडते, खांदा उतरतो, कंबर बसली तर मांडीला घट्ट होते, हा आपला रोजचा अनुभव त्यातून येतो. २०१८ मध्ये वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट यांनी 'इंडियासाइझ' हा राष्ट्रीय मापन प्रकल्प जाहीर केला. कोलकाता, मुंबई, दिल्ली, हैदराबाद, बंगळुरू आणि शिलाँग या सहा शहरांत, १५ ते ६५ वयोगटातील २५ हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची त्रिमितीय यंत्रांनी मोजणी करायची अशी ही योजना. शिलाँगचे नाव यादीत पाहून मला विशेष समाधान वाटले. अमेरिकेने १९३९ मध्ये कोणाला वगळले होते हे ठाऊक असलेल्याला त्याचे महत्त्व सांगायला नको.

आणखी एक घटना याच सूत्रात बसते. १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनी लष्कराचा नवा लढाऊ गणवेश प्रथम संचलनात दिसला. तो निफ्टच्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांच्या सहकार्याने तयार झाला होता. उन्हाळ्यात आणि चिखलात हालचाल करणाऱ्या जवानाला कपडा कुठे ओढतो, कुठे घासतो, खिसा कुठे हवा, हा तिथला प्रश्न होता. याला कोणी रॅम्पवरची फॅशन म्हणणार नाही. तांत्रिक वस्त्र-आरेखन ते हेच. संरक्षण खात्याचे आणि वस्त्रोद्योग खात्याचे ज्ञान, जे १९१४ पासून वेगवेगळ्या कपाटांत होते, ते इथे एका टेबलावर आले.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना या इतिहासातून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. संस्था निवडताना तिच्या वार्षिक फॅशन शोची छायाचित्रे पाहण्याऐवजी पॅटर्नचे टेबल पाहावे. ग्रेडिंग आधी हाताने शिकवतात का आणि मग संगणकावर, की थेट संगणकावर? शिकाऊंना कारखान्यात किती महिने पाठवतात? मापतक्ता, शिवणीचा क्रम आणि टेक पॅक स्वतः लिहून घेतात का? आणि शिकवणाऱ्यांत एखादा तरी जुना मास्टर आहे का? चित्रकला उत्तम असेल तर आनंदच आहे. गणित चांगले असेल आणि चित्रकला बेताची असेल, तरी फॅशनचे दार बंद नाही. उलट या दाराशी गर्दी कमी आणि आत काम जास्त आहे.

शासनातील सहकाऱ्यांनाही तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, शिलाई मशीन वाटपाच्या प्रत्येक योजनेत खाका आणि ग्रेडिंगचे किमान शिक्षण बंधनकारक असावे, आणि अहवालात त्याचा रकाना असावा. दुसरी, इंडियासाइझमधून निघणारे मापतक्ते निर्यातदारांपुरते न ठेवता मराठी, तमिळ, बंगाली अशा भाषांत गल्लीतल्या शिंप्यापर्यंत आणि बचत गटापर्यंत पोहोचावेत, आणि शालेय गणवेशाची खरेदी त्यांच्यानुसार व्हावी. तिसरी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत निकडीची: वीस-तीस वर्षे खाके काढणारे मास्टर आज कोणत्याही प्रमाणपत्राविना काम करतात. पूर्वानुभवाला मान्यता देण्याची तरतूद २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आली. ती या मास्टरांना प्रशिक्षक म्हणून संस्थांत आणण्यासाठी वापरली पाहिजे. ही पिढी निवृत्त होत आहे. तिची मुले या व्यवसायात येतीलच असे नाही.

अमेरिकी कपडे-उद्योगाला १९४० च्या दशकात जी चिंता वाटली होती, ती आता आपल्या दाराशी आहे. तिथे त्या चिंतेतून एक संस्था उभी राहिली. आपल्याकडे संस्था उभ्या आहेत, पदव्या आहेत, मोजणीची यंत्रेही आली आहेत. मास्टरच्या बोटांत जे आहे ते वहीत उतरवून घेण्याचे काम तेवढे बाकी आहे, आणि त्याला नव्या कायद्याची गरज नाही.